विश्लेषण : सोलरवरच्या घरासाठी फ्रिज निवडताना फक्त 'स्टार' पाहणे पुरेसे का नाही?

डोंगरातली वीज न पोहोचलेली वाडी असो की शेतावरचे घर, सोलर पॅनलवर दिवे, पंखा आणि मोबाइल चार्जिंग सहज भागते. खरी परीक्षा फ्रिजची असते. दिवे झोपताना बंद होतात, फ्रिज मात्र २४ तास सुरू राहतो. पहाटे बॅटरी संपली तर दूध नासते, मासळी वाया जाते. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावे लागते. त्यामुळे आधी फ्रिज ठरवावा आणि त्याच्या मापाने पॅनल-बॅटरी घ्यावी.

लेबलवर नेमके काय पाहायचे?

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या (बीईई) लेबलवर स्टारबरोबरच वर्षाला किती युनिट लागतील, तो आकडा असतो. सोलरसाठी तोच महत्त्वाचा. स्टार हे फ्रिजच्या आकारमानानुसार मिळतात. त्यामुळे पाच स्टारचा मोठा फ्रिज तीन स्टारच्या छोट्या फ्रिजपेक्षा जास्त वीज घेऊ शकतो. शिवाय निकष वेळोवेळी कडक होतात; जुन्या लेबलवरचे पाच स्टार आजच्या पाच स्टारइतके असतीलच असे नाही.

हिशेब कसा करायचा?

समजा, लेबलवर वर्षाला १८० युनिट लिहिले आहेत. ३६५ ने भागल्यास रोजचे साधारण अर्धा युनिट, म्हणजे ५०० वॅट-तास. पण फ्रिजसाठी घरचा इन्व्हर्टरही दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. तो स्वतः १५ वॅट खात असेल, तर दिवसाला ३६० वॅट-तास तिथेच जातात. एकूण ८६०. चार्जिंग आणि वायरिंगमधील सुमारे २० टक्के घट धरली, तर पॅनलकडून रोज जवळपास १,१०० वॅट-तास हवेत.

दिवसाला चार तास पूर्ण क्षमतेचे ऊन धरले तर त्यासाठी साधारण २७५ वॅटचे पॅनल लागते. पावसाळ्यात ऊन निम्म्यावर आले तर ५५० वॅटचे.

बॅटरी किती मोठी?

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास साठतात. मात्र लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी. म्हणजे हाती ९००. फ्रिज आणि इन्व्हर्टरची एक रात्र निघते, पण दुसरा दिवस ढगाळ निघाला तर ती पुरत नाही. दिवे-पंख्याचा हिशेब वेगळाच.

कोणता प्रकार परवडतो?

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये पंखा आणि बर्फ वितळवणारा हीटर असतो. छोट्या कुटुंबाला डायरेक्ट-कूल फ्रिज पुरतो आणि वीजही सहसा कमी लागते. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. लहान इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, त्यामुळे हा झटका टळतो. मात्र 'इन्व्हर्टर कॉम्प्रेसर' म्हणजे घरचा इन्व्हर्टर नव्हे. तो वेगळा, आणि प्युअर साइन वेव्ह प्रकारचाच घ्यावा.

१२ किंवा २४ व्होल्टचा डीसी फ्रिज थेट बॅटरीवर चालतो. इन्व्हर्टरचे ३६० वॅट-तास वाचतात. किंमत जास्त असते, त्यामुळे दुरुस्ती जवळपास होते का, हे आधी विचारावे.

वापरताना काय करावे?

दुपारी ऊन असताना फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवाव्यात. रात्री त्या थंडावा धरून ठेवतात. लस साठवणाऱ्या काही सोलर फ्रिजमध्ये बॅटरीऐवजी याच तत्त्वावर बर्फात थंडावा साठवला जातो. इन्सुलिन मात्र फ्रीझरपासून दूर ठेवावे, ते गोठले की निकामी होते. फ्रिज चुलीपासून लांब, भिंतीपासून थोडा सुटा ठेवावा.

फ्रिजची किंमत एकदाच मोजावी लागते, बॅटरी मात्र काही वर्षांनी बदलावीच लागते. म्हणून कमी युनिटचा फ्रिज थोडा महाग असला, तरी लहान पॅनल आणि लहान बॅटरी धरून एकूण खर्च जोडून पाहावा.