विजेचा एक क्षण आणि गोळ्यांचे सात आठवडे

हृदयाची लय बिघडते, तेव्हा दरवेळी त्याची चाहूल लागतेच असे नाही. चढण चढताना पूर्वी न लागणारी धाप, अकारण थकवा, छातीतील धडधड ही लक्षणे काहींना जाणवतात. अनेक ज्येष्ठांना काहीच जाणवत नाही. रक्तदाब तपासताना नाडी अनियमित लागते आणि ईसीजीमध्ये ‘एट्रिअल फिब्रिलेशन’ दिसून येते. अशा काही रुग्णांना डॉक्टर ‘कार्डिओव्हर्जन’ सुचवतात. ‘हृदयाला शॉक देणार’ हे शब्द ऐकताच घर धास्तावते. ही धास्ती स्वाभाविक आहे. परंतु अधिक सावधगिरी शॉकच्या क्षणी नव्हे, त्याच्या आधी आणि नंतर बाळगायची असते.

शॉक म्हणजे नेमके काय?

भजनात प्रत्येकाने आपापल्या मनाने टाळ वाजवला, तर ताल हरवतो. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांत या विकारात असेच घडते. ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. कार्डिओव्हर्जनमध्ये छातीवरील पट्ट्यांतून नियंत्रित विद्युतप्रवाह दिला जातो. हा सारा गोंधळ क्षणभर थांबतो आणि हृदयातील नैसर्गिक केंद्राला पुन्हा ताल धरण्याची संधी मिळते. डॉ. बर्नार्ड लाऊन यांनी १९६२ मध्ये हृदयाच्या ठोक्याशी वेळ जुळवून असा प्रवाह देण्याची पद्धत मांडली. आजही हेच तत्त्व वापरले जाते. रुग्णाला थोड्या वेळासाठी गुंगी दिलेली असल्याने शॉकची वेदना जाणवत नाही. बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येते.

आधीचे तीन आठवडे

थरथरणाऱ्या कप्प्यांत रक्त साचते आणि त्याची गुठळी होऊ शकते. म्हणूनच या विकारात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो. लय पूर्ववत होताच ती गुठळी सुटून मेंदूकडे जाण्याची भीती असते. त्यामुळे विकार ४८ तासांहून जुना असेल किंवा केव्हा सुरू झाला हे ठाऊक नसेल, तर किमान तीन आठवडे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या अखंड घ्याव्या लागतात. अन्यथा अन्ननलिकेतून सोनोग्राफीची नळी घालून गुठळी नसल्याची खात्री केली जाते.

इथेच कुटुंबाची कसोटी लागते. दोडामार्ग तालुक्यातील अनेक कुटुंबे मोठ्या उपचारांसाठी बांबोळीच्या गोमेकॉत जातात. गाडी ठरलेली असते, मुलाने रजा काढलेली असते आणि अशा वेळी आजोबांची एखादी गोळी चुकल्याचे ध्यानात येते. ‘आता सांगितले तर तारीख पुढे जाईल’ म्हणून ते लपवण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नका. चुकलेली मात्रा डॉक्टरांना सांगितल्याने फार तर एक तपासणी वाढेल किंवा फेरी वाया जाईल. लपवल्याने पक्षाघात ओढवू शकतो.

कॅलेंडरवर रोज खूण करा. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरते, तेव्हा गोळीची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे ठेवा. मुसळधार पावसात वाट बंद होण्याची शक्यता गृहीत धरून गोळ्या संपण्यापूर्वीच आणा. वॉरफरीन किंवा असेनोकुमारॉल चालू असल्यास आयएनआर ठरल्या दिवशी तपासा. तो बहुधा २ ते ३ असावा लागतो. पालेभाजी वर्ज्य नाही, मात्र तिचे प्रमाण एकाएकी वाढवू वा घटवू नका. सांधेदुखीची गोळी किंवा झाडपाल्याचे औषध विचारल्याविना घेऊ नका.

उपचाराच्या दिवशी

साधारणपणे सहा तास उपाशी राहावे लागते. मधुमेहाच्या औषधांविषयी आदल्या दिवशीच विचारून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी मात्र डॉक्टरांनी स्पष्टपणे थांबवल्याशिवाय चुकवू नका. पेसमेकर असल्यास आधी कळवा. कवळी आणि दागिने काढून ठेवावे लागतात. जुने ईसीजी, औषधांची यादी, आधारकार्ड व शिधापत्रिका सोबत ठेवा. परराज्यातील रुग्णांसाठीचे शुल्क आणि शासकीय योजनेचे नियम आधीच विचारून घ्या. छातीवर किंचित लाली व चुरचुर राहू शकते. गुंगीनंतर चोवीस तास वाहन चालवू नये.

नंतरचे चार आठवडे

लय सुधारली, तरी वरचे कप्पे काही काळ मंदच असतात आणि तेव्हाही गुठळी होऊ शकते. म्हणून नंतर किमान चार आठवडे गोळ्या अनिवार्य आहेत. पुढे त्या चालू ठेवायच्या का, हे वय, रक्तदाब, मधुमेह व पूर्वीचा पक्षाघात यांवरून ठरते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्या बहुधा कायमच लागतात. ‘आता ठोके नीट पडतात’ हे गोळी सोडण्याचे कारण नव्हे.

काहींची लय पुन्हा बिघडते. तो आपला दोष नाही. औषधे, पुन्हा शॉक किंवा ॲब्लेशन असे मार्ग उरतात. रोज सकाळी मनगटावर नाडी पूर्ण एक मिनिट मोजून वहीत टिपून ठेवा.

तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ १०८ ला फोन करा. काळे शौच झाल्यास किंवा डोक्याला मार लागल्यास विनाविलंब रुग्णालय गाठा.

शॉक देण्याचे काम डॉक्टरांचे आहे. त्याभोवतीचे सात आठवडे सांभाळणे आपल्या हाती आहे.