पाणी कोणत्या रकान्यात लिहायचं?

विजेच्या पाठाखाली मुलांच्या वहीत दोन रकाने हमखास असतात, सुवाहक आणि दुर्वाहक. एकीकडे तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम. दुसरीकडे लाकूड, रबर, काच. पाठ होतं, मार्कही मिळतात. पण एखादी मुलगी विचारते, "सर, पाणी कुठे लिहू?" तिचा प्रश्न एका शब्दात उडवून लावण्यासारखा नाही.

वीज वाहते म्हणजे विद्युतप्रभार एका जागेवरून दुसरीकडे सरकतो. धातूत हे काम मुक्त इलेक्ट्रॉन करतात. तांब्यात दर अणूमागे साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा असतो. बॅटरी जोडली की हे सगळे एका दिशेने सरकू लागतात. रबरात किंवा काचेतही इलेक्ट्रॉन भरपूर असतात, पण ते जखडलेले असतात. ('दुर्वाहकात इलेक्ट्रॉनच नसतात' असा मुलांचा समज असतो, तो आधी काढावा.)

पाण्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. तिथे प्रभार वाहून नेतात ते विरघळलेल्या क्षारांचे आयन. म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमधून वीज जवळजवळ जातच नाही. बोअरच्या पाण्यातून जाते, मिठाच्या पाण्यातून तर चांगलीच.

वर्गात हे दाखवायला ९ व्होल्टची बॅटरी, लाल एलईडी, ४७० ओहमचा रोध आणि वायरी पुरतात. एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे हवा. वायरींची मोकळी टोकं एकमेकांना न चिकटवता पाण्यात बुडवा. नळाच्या पाण्यात मंद उजेड पडतो, चिमूटभर मीठ टाकलं की वाढतो. टॉर्चचा बल्ब मात्र घेऊ नका. त्याला जास्त धारा लागते, साध्या पाण्यातून ती मिळत नाही, आणि मुलं 'पाणी दुर्वाहक' लिहून मोकळी होतात. प्रयोग फक्त बॅटरीवरच. घरच्या प्लगवर कधीच नाही, हे मुलांकडून वदवून घ्या.

कारण आपलं शरीरही असंच बदलतं. कोरड्या त्वचेमुळे शरीराचा रोध १,००,००० ओहमपर्यंत असू शकतो, ओल्या किंवा जखम झालेल्या त्वचेमुळे तो १,००० ओहमपर्यंत उतरतो. २३० व्होल्टला भागून पाहा: पहिल्या वेळी सुमारे २.३ मिलिअँपिअर, दुसऱ्या वेळी २३०. घरातला आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअरची गळती झाली की वीज तोडतो, तेव्हा २३० म्हणजे काय ते कळेल. आठवीच्या मुलांकडून हा भागाकार जरूर करून घ्यावा, ओहमचा नियम वेगळा शिकवावा लागत नाही.

लाकडाचंही तेच. शॉक लागलेल्याला काठीने बाजूला करा, असं आपण सांगतो; पण पावसाळ्यात अंगणात पडलेली काठी ओलीच असते. आधी मेन स्विच बंद करायचा. तो हाताशी नसेल तर कोरड्या जागी उभं राहून, घरातली वाळलेली काठी वापरायची. आणि तुटून पडलेली तार असेल तर काठीही नाही: लांब थांबायचं, इतरांना लांब ठेवायचं आणि वीज कार्यालयाला फोन करायचा.