पोटातला वळणरस्ता आणि जीवनसत्त्वांची टंचाई

महामार्गावरच्या एखाद्या गावाला वळसा घालणारा नवा रस्ता झाला, की काय होते हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. वाहने गावात न शिरता परस्पर निघून जातात. गर्दी कमी होते, वेळ वाचतो. पण गावच्या बाजारपेठेत उतरणारा मालही कमी होतो. वजन कमी करण्यासाठी पोटावर जी शस्त्रक्रिया करतात, तिच्यातही असेच काहीसे घडते. वजन उतरते, पुष्कळांचा मधुमेह आटोक्यात येतो, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. मात्र अन्नाची वाट बदलल्यामुळे काही मोलाचा माल ठरलेल्या ठिकाणी उतरेनासा होतो. हा माल म्हणजे जीवनसत्त्वे आणि खनिजे. तो का उतरत नाही आणि त्यावर उपाय काय, हे आपण पाहू.

अन्नाचा नेहमीचा प्रवास

गिळलेला घास अन्ननलिकेतून जठरात येतो. जठर ही नुसती पिशवी नव्हे. तिच्या भिंतीतून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन हे पाचक द्रव्य स्रवते. अन्नाची येथे लापशी होते आणि ती थोडी थोडी लहान आतड्यात उतरते. मोठ्या माणसाचे लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. त्याचा पहिला भाग म्हणजे आद्यांत्र. हा जेमतेम २५ सेंटिमीटरांचा, म्हणजे साधारण बारा बोटांच्या रुंदीइतका असतो. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थही 'बारा' असाच आहे. यकृताकडून येणारे पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येथेच अन्नात मिसळतो. पुढे मध्यांत्र आणि शेवटी शेषांत्र.

आता गंमत अशी, की प्रत्येक पदार्थ कोठेही शोषला जातो असे नाही. मालगाडीतला माल जसा ठरावीक स्थानकांवर उतरवतात, तसेच येथेही आहे. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः आद्यांत्रात आणि त्याच्या लगतच्या भागात उतरतात. ब१ हे जीवनसत्त्व आणि फोलिक आम्ल यांची जागा आतड्याच्या वरच्या भागातच आहे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थात विरघळणारी. त्यांना पित्ताची सोबत लागते. आणि ब१२ मात्र सगळा प्रवास करून शेषांत्राच्या अगदी शेवटच्या टोकाला उतरते.

शस्त्रक्रियेत काय करतात?

स्थूलता म्हणजे आळस किंवा खादाडपणा, असा एक गैरसमज आहे. आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके, आहार, झोप, राहणीमान अशी तिची अनेक कारणे असतात. वजन फारच वाढले आणि त्यामुळे मधुमेहासारखे विकार जडले, की काही रुग्णांना डॉक्टर शस्त्रक्रियेचा सल्ला देतात.

व्रण झाल्यामुळे ज्यांच्या जठराचा मोठा भाग काढून टाकलेला असे, त्यांचे वजन उतरते, हे शल्यविशारदांच्या ध्यानात आले होते. त्यावरून अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली स्थूलतेसाठी जठराला वळसा देण्याची शस्त्रक्रिया केली. तिचेच सुधारलेले रूप आज 'गॅस्ट्रिक बायपास' या नावाने प्रचलित आहे. यात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी, साधारण ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करतात आणि ती थेट मध्यांत्राला जोडतात. उरलेले जठर आणि आद्यांत्र पोटातच राहतात, पण अन्न तेथे फिरकतच नाही. तेथला रस आणि पित्त पुढे खाली गेल्यावर अन्नाला भेटतात.

दुसरा प्रकार 'स्लीव्ह', म्हणजे बाहीचा. यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग कापून काढतात आणि सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी ठेवतात. जगात आज हीच शस्त्रक्रिया सर्वांत अधिक होते. येथे वाट बदलत नाही. पण आम्ल निर्माण करणाऱ्या बहुसंख्य पेशी जठराच्या कापलेल्या भागाबरोबर निघून जातात.

म्हणजे टंचाईची कारणे तीन झाली. एक, अन्नच थोडे खाल्ले जाते. दोन, आम्ल कमी पडते. तीन, वळसा दिला असेल तर महत्त्वाची स्थानके चुकतात.

ब१२ ची लांबलचक कथा

या सर्वांत ब१२ ची कथा सर्वांत मनोरंजक आहे. पूर्वी 'मारक पांडुरोग' नावाचा एक विकार होता. रुग्ण फिकट पडे, हातापायांना मुंग्या येत, तोल जाई आणि अखेर मृत्यू ओढवे. १९२६ साली अमेरिकेतील मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवले, की रोज भरपूर यकृत खाऊ घातले तर हे रुग्ण सुधारतात. व्हिपल यांच्यासह या दोघांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण निरोगी माणसे काही रोज यकृत खात नाहीत. मग त्यांना हा रोग का होत नाही?

बॉस्टन येथील विल्यम कॅसल या तरुण डॉक्टरने याचे उत्तर एका विलक्षण प्रयोगाने शोधले. काही रुग्णांना त्याने नुसते अर्धेकच्चे मांस दिले. रक्तात काहीच सुधारणा झाली नाही. मग तेच मांस त्याने स्वतः खाल्ले, तासाभराने ओकून काढले आणि ते नळीने रुग्णांच्या जठरात सोडले! काही दिवसांतच रुग्णांच्या रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या. कॅसलने अनुमान काढले, की मांसात एक उपयुक्त घटक आहे, पण तो शरीरात घेण्यासाठी निरोगी जठरातला दुसरा एक घटक लागतो. या दुसऱ्याला 'आंतरिक घटक' असे नाव पडले. कॅसलचे हे संशोधन १९२९ साली प्रसिद्ध झाले. मांसातला आणि यकृतातला तो पहिला घटक म्हणजेच ब१२. त्याचे लाल स्फटिक १९४८ साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये वेगळे करण्यात आले. त्याच्या रेणूची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. त्याच्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू बसलेला असतो.

आता शस्त्रक्रियेकडे परत येऊ. अन्नातले ब१२ प्रथिनांना चिकटलेले असते. ते सोडवायला जठरातले आम्ल आणि पेप्सिन हवे. सुटलेल्या ब१२ ला शेषांत्रापर्यंत सुखरूप न्यायला आंतरिक घटक हवा. आणि आम्ल तयार करणाऱ्या पेशी व आंतरिक घटक तयार करणाऱ्या पेशी या एकच! त्या पेशी कापल्या गेल्या किंवा अन्नापासून दूर राहिल्या, की शेषांत्र पूर्ण शाबूत असूनही ब१२ चा पुरवठा आटतो.

माठ आणि कणगी

टंचाई केव्हा जाणवेल, हे साठ्यावर अवलंबून असते. थोडे गणित करू. प्रौढ माणसाच्या शरीरात ब१ चा साठा साधारण ३० मिलिग्रॅम असतो आणि रोजची गरज सुमारे १.२ मिलिग्रॅम. ३० भागिले १.२ म्हणजे २५ दिवस. प्रत्यक्षात दोन-तीन आठवड्यांतच चणचण सुरू होऊ शकते. याउलट ब१२ ची रोजची गरज केवळ २.४ मायक्रोग्रॅम, आणि यकृतात साठा दोन-तीन मिलिग्रॅम, म्हणजे दोन-तीन हजार मायक्रोग्रॅम. हा साठा काही वर्षे पुरतो. ब१ म्हणजे माठातले पाणी आणि ब१२ म्हणजे कणगीतले धान्य, असे म्हणा ना!

या फरकाला मोठे महत्त्व आहे. शस्त्रक्रियेनंतर एखाद्याला वारंवार उलट्या होऊ लागल्या, तर माठ झपाट्याने रिकामा होतो. डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल डळमळते, माणूस गोंधळतो. मेंदूच्या या विकाराचे वर्णन कार्ल वेर्निके यांनी १८८१ सालीच केले होते. अशा वेळी ब१ चे इंजेक्शन ताबडतोब द्यावे लागते, आणि तेही ग्लुकोजचे सलाइन लावण्यापूर्वी किंवा त्याच्या बरोबर. कारण ग्लुकोज जाळण्यासाठी पेशींना ब१ लागते. आधी ग्लुकोज दिले तर उरलासुरला साठाही संपतो. काही तासांचा उशीर मेंदूला कायमची इजा करू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबत नसतील, तर 'होईल बरे' म्हणून घरी वाट पाहू नये.

ब१२ चा धोका याच्या उलट. तो हळूहळू येतो. दोन-तीन वर्षे माणूस ठणठणीत असतो. त्याला वाटते, आता गोळ्या कशाला? तोवर कणगी तळाला गेलेली असते. मज्जातंतूंवरील आवरण खराब होऊ लागते, पाय बधिर होतात, विस्मरण होते. आणखी एक फसवणूक अशी, की फोलिक आम्ल भरपूर मिळत असेल तर रक्त ठीक दिसते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. फार उशीर झाला तर ती पूर्णपणे भरून येत नाही.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. ब१२ निसर्गात फक्त जीवाणू तयार करतात. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून आपल्याला मिळते. धान्ये, डाळी, भाज्या यांत ते जवळजवळ नसतेच. त्यामुळे अनेक शाकाहारी माणसांची कणगी मुळातच अर्धी असते. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच रक्त तपासून कमतरता भरून काढणे शहाणपणाचे ठरते.

एक सोपा प्रयोग

अंड्याच्या कवचाचा एक तुकडा पाण्यात टाका आणि दुसरा लिंबाच्या रसात. पाण्यात काहीच होणार नाही. लिंबाच्या रसात मात्र बुडबुडे येतील. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि ते विरघळायला आम्ल लागते. कॅल्शियमच्या अनेक गोळ्याही कार्बोनेटच्याच असतात. ज्याच्या जठरात आम्ल थोडे, त्याला ही गोळी नीट लागू पडत नाही. म्हणून अशा रुग्णांना पुष्कळदा कॅल्शियम सायट्रेट देतात. ते आम्लावाचूनही शोषले जाते. कॅल्शियम कमी पडले, तर शरीर ते हाडांतून काढून घेते आणि हाडे ठिसूळ होतात. कॅल्शियमचे शोषण होण्यासाठी ड जीवनसत्त्वही हवे, म्हणून दोन्ही जोडीने देतात.

लोहालाही आम्लाची मदत लागते, आणि त्याचे मुख्य स्थानक आद्यांत्र! मुली आणि स्त्रिया यांना लोह मुळातच अधिक लागते, त्यामुळे वळसा दिल्यावर रक्तक्षयाचा धोका त्यांना जास्त. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेतले तर कॅल्शियम लोहाची वाट अडवते. म्हणून दोन गोळ्यांत निदान दोन तासांचे अंतर ठेवतात. चहामुळेही लोहाचे शोषण घटते, तर क जीवनसत्त्वामुळे ते वाढते. अ जीवनसत्त्व कमी पडले तर रातांधळेपणा येऊ शकतो. जस्त आणि तांबे यांकडेही लक्ष द्यावे लागते.

बंद दाराला खिडकी

आता तुम्ही विचाराल, आंतरिक घटकच नसेल तर ब१२ ची गोळी घेऊन उपयोग काय? उत्तर पुन्हा गणितातच आहे. मोठ्या मात्रेतल्या ब१२ चा सुमारे एक टक्का भाग आंतरिक घटकाच्या मदतीशिवाय, आतड्याच्या भिंतीतून आपोआप झिरपतो. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीचा एक टक्का म्हणजे १० मायक्रोग्रॅम. रोजच्या गरजेच्या चौपट! दार बंद असले तरी खिडकीतून पुरेसे धान्य आत येते. ज्यांना गोळी पुरत नाही, त्यांना ठरावीक काळाने इंजेक्शन देतात.

मात्रा किती घ्यावी, हे मात्र आपण ठरवायचे नसते. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जास्त झाली तर बहुतांशी लघवीवाटे निघून जातात. पण अ आणि ड शरीरात साठतात आणि अति झाल्यास अपाय करतात. म्हणून पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी रक्त तपासून डॉक्टर मात्रा ठरवतात. ही तपासणी आणि या गोळ्या जन्मभराच्या असतात, कारण बदललेली वाटही जन्मभराचीच असते.

वळणरस्ता झालेल्या गावालाही माल लागतोच; तो दुसऱ्या वाटेने आणावा लागतो इतकेच. तुमच्या घरात किंवा शेजारी अशी शस्त्रक्रिया झालेले कोणी असेल आणि 'मी आता अगदी बरा आहे, गोळ्या बंद केल्या' असे म्हणत असेल, तर त्यांना माठाची आणि कणगीची गोष्ट जरूर सांगा, आणि डॉक्टरांना भेटल्याशिवाय गोळ्या बंद न करण्याची आठवण करून द्या.