थंडीची फुले पेरताना हातापायांची काळजी

ऑक्टोबरचा उकाडा ओसरून पहाटे पांघरूण घ्यावेसे वाटू लागले, की फ्लॉक्स पेरण्याचे दिवस आले असे समजावे. जमिनीलगत पसरून गुलाबी, पांढरी, जांभळी फुले देणारे हे हंगामी झाड मूळचे अमेरिकेतील टेक्सासचे रानफूल. थॉमस ड्रमंड या स्कॉटिश संग्राहकाने १८३५ मध्ये तेथून त्याचे बी ब्रिटनला पाठवले आणि पुढे ते जगभरच्या बागांत पोहोचले.

फ्लॉक्सचे बी गारव्यात उगवते. तापलेल्या मातीत उगवण घटते. म्हणून हिंगोली परिसरात ते ऑक्टोबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरावे. इथली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. तीत वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळून वाफा थोडा उंच करावा. बी जेमतेम अर्धा सेंटिमीटर मातीखाली झाकावे, कारण उगवायला त्याला अंधार लागतो. पाणी बारीक झारीने द्यावे. रोपांचे शेंडे खुडले की ती आडवी फुटतात. दोन-अडीच महिन्यांत फुले येतात आणि उन्हाळा तापला की झाड संपते.

खरी काळजी घ्यायची ती वाफा तयार करताना. मोकळ्या जागेत गाजरगवत हमखास असते. त्यातील पार्थेनिन या द्रव्याचे वावडे काहींना वारंवारच्या संपर्काने जडते आणि ते सहसा जात नाही. पापण्या, मान, कोपराच्या घडीवर खाजरे चट्टे उठतात. हे गवत फुलण्याआधीच, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून उपटावे.

माती आणि शेणखतात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. काटा रुतला किंवा खुरपे लागले, तर जखम साबण-पाण्याने स्वच्छ धुवावी. तिच्यावर माती, शेण किंवा हळद भरू नये. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी. जखम खोल वा मळकट असेल आणि शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर लगेच दवाखाना गाठावा.

मधुमेहींनी वाफ्यात अनवाणी उतरूच नये. पायाची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे खडा टोचल्याचे कळत नाही आणि लहानशी जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. बंद बूट घालावेत आणि रोज रात्री तळवे पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर आरसा धरावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे.

एवढे सांभाळले, तर पन्नाशी-साठीनंतर सकाळच्या कोवळ्या उन्हातली ही हालचाल शरीराला मानवणारी आहे. बोंडे पिवळट होताच खुडून कागदी पिशवीत वाळवावीत. झाडावरच ठेवली, तर ती फुटून बी उडून जाते.