रस्ता पाहणारा माणूस



अम्गऱ्याच्या रस्त्यावर आपण मोठमोठे ट्रक नेहमी पाहतो. युद्ध चालू असलेल्या गावात पीठ, पाणी आणि औषधेही ट्रकनेच जातात. पण तेथला रस्ता सुरक्षित आहे का, हे आधी कोणीतरी पाहावे लागते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागाचे हेच काम. कर्नल वैभव काळे या विभागात होते.

काळे यांचे कुटुंब नागपूरचे. २०२२ साली ते भारतीय सैन्यातून निवृत्त झाले आणि २०२४ मध्ये गाझाला गेले. १३ मे २०२४ रोजी ते रफाहमधून युरोपियन रुग्णालयाकडे निघाले होते. गाडीवर संयुक्त राष्ट्रांची खूण होती. तरीही गाडीवर मारा झाला. काळे मृत्युमुखी पडले, सोबतच्या सहकारी जखमी झाल्या. काळे ४६ वर्षांचे होते. पुण्यात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

युद्धालाही नियम असतात. जखमींवर आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांवर हल्ला करायचा नाही, असे १९४९ चे जिनिव्हा करार सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या माणसांच्या रक्षणासाठी १९९४ साली वेगळा करार झाला. पण नियम लिहून भागत नाही, ते पाळावे लागतात.

आपल्या शेजारी बगदादमध्ये १९ ऑगस्ट २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीवर बॉम्बहल्ला झाला. त्यात २२ जण गेले. म्हणून १९ ऑगस्टला जगभर मदत करणाऱ्यांचे स्मरण करतात. १९९० साली कुवेत सोडून जॉर्डनला पोहोचलेल्या आपल्या माणसांनाही तंबू आणि पाणी अशाच हातांनी दिले होते. त्या दिवशी आपण सारे काळे यांचे नाव घेऊया.