काचीगुड्याची ज्वारी आणि रेशनचा तांदूळ

हैदराबादच्या सुलतान बाजारचं हे नाव 1933 सालचं. त्याआधी ही ब्रिटिश रेसिडेन्सीची बाजारपेठ होती. ती निजामाकडे परत आली आणि नाव बदललं. इथून काचीगुडा स्टेशन जवळ. मनमाडकडून औरंगाबाद, परभणी, नांदेड करत येणारी मीटरगेज तिथं पोचायची. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच मोडत असल्यामुळे इथल्या मराठी घरांचं पोट भाकरीवर होतं, भातावर नव्हे.

1942 मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनचा तांदूळ बंद झाला. पुढच्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात तीसेक लाख माणसं मेली. त्या काळात निजाम सरकारनं शेतकऱ्याकडून धान्याची सक्तीची लेव्ही घेतली आणि तिच्यावर शहरातलं रेशन चालवलं. शहर तगलं ते खेड्याच्या जिवावर. लहान शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्य उचललं जायचं, बड्या देशमुखाची कणगी मात्र शाबूत. तेलंगणातला शेतकरी पेटून उठला, त्यामागं ही लेव्हीही होती. 1948 मध्ये, संस्थान भारतात विलीन होण्याआधी, भारतानं नाकेबंदी केल्याची ओरड निजाम सरकार करत होतं. चहूकडून जमिनीनं वेढलेल्या संस्थानाला मीठसुद्धा बाहेरूनच आणावं लागे.

मग 1972 चा दुष्काळ. मराठवाड्याची विहीर आटली, जनावरं बाजारात मातीमोल गेली. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या बाईच्या हातावर सुकडीचा कोरडा खाऊ पडायचा आणि घरी अमेरिकेचा लाल मिलो शिजायचा. मिलो म्हणजे ज्वारीच, पण त्याची भाकरी थापता थापता तुटायची. जुनी माणसं अजून तोंड वाकडं करतात. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख मजूर होते. धान्य परदेशातून आणता आलं. पण ते विकत घ्यायला हातात पैसा हवा, आणि तो या कामांनी दिला. माझ्या मते त्या दुष्काळाचा खरा धडा हाच.

1983 मध्ये एन. टी. रामारावांनी आंध्रात दोन रुपये किलोनं तांदूळ दिला. गरिबाच्या घरी रोज भात शिजू लागला. त्याला नावं ठेवणारा मी नाही. पण ज्वारीचा आधार इथं सुटला. स्वस्त भातापुढं महाग भाकरी कोण खाणार? तिकडं मराठवाड्यातही ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं. कमी पाण्यावर तग धरणारं, कडबाही देणारं पीक असं दोन्हीकडून मागं हटलं. आता हैदराबादेत संध्याकाळी रस्त्याकडेला बायका ज्वारीची भाकरी भाजतात आणि शुगरवाले गाडी थांबवून ती पार्सल नेतात.

2020 च्या टाळेबंदीत तेलंगणा सरकारनं परप्रांतीय मजुरांना माणशी 12 किलो धान्य आणि 500 रुपये जाहीर केले. तरी माणसं पायी निघालीच. खोलीचं भाडं धान्यानं भागत नाही. जुलै 2023 मध्ये पाऊस ओढ देईल या धास्तीनं केंद्रानं साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. आपल्याकडचे भाव आवरायला घातलेल्या बंदीचा चटका आपल्या तांदळावर जगणाऱ्या आफ्रिकी देशांना बसला. एकाच धान्यावर भिस्त ठेवली की असं होतं.

2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरड धान्य एक रुपया किलो असा दर लिहिला होता. आता हे धान्य फुकट मिळतं, पण हैदराबादेत रेशन म्हणजे अजूनही मुख्यतः तांदूळच. कायद्यातलं तिसरं, म्हणजे ज्वारीसारखं भरड धान्यही रेशन दुकानात आणा, एवढी मागणी इथल्या मराठी संस्थांनी तरी सरकारकडे लेखी करावी.