वजाबाकी करणारा कान

परदेशी फोन उपग्रहावरून जायचे, तेव्हाचा एक ताप पुष्कळांना आठवत असेल. आपण ‘हॅलो’ म्हणायचं आणि अर्ध्या सेकंदाने आपलाच ‘हॅलो’ कानावर यायचा. स्वतःचं बोलणं असं मागून ऐकू आलं की पट्टीचा वक्ताही चाचरतो.

१९६५ साली ‘अर्ली बर्ड’ उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर जाऊन बसला. तिथवर जाऊन खाली यायला बोलण्याला पाव सेकंद लागे. पलीकडच्या एक्स्चेंजमध्ये घराची दोन तारांची लाइन लांब पल्ल्याच्या चार तारांना जोडलेली असे. तो जोड पुरता कधीच जुळत नसे, म्हणून थोडा आवाज तिथूनच माघारी फिरे. जुना इलाज रांगडा होता: एक जण बोलू लागला की दुसऱ्याची वाट बंद. दोघं एकदम बोलले की शब्दांची मुंडकी उडत.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जॉन केली, बेन लोगन आणि मनमोहन सोंधी यांनी वेगळी वाट धरली. (केली म्हणजे पैजेचं गणित मांडणारे तेच, शेअर बाजारातली मंडळी त्यांचं सूत्र अजून वापरतात.) सोंधी फिरोजपूरचे, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. १९६७ साली त्यांनी ही रीत निबंधात मांडली. परत येणारा आवाज आपणच पाठवलेला आहे, त्याची प्रत हाताशी आहे. तो किती उशिरा आणि किती क्षीण होऊन येतो एवढं शिकायचं, तसाच खोटा प्रतिध्वनी बनवायचा आणि वजा करायचा. बाकी जे उरेल त्यावरून अंदाज सुधारत राहायचं.

यातली खरी मेख म्हणजे शिकणं कधी थांबवायचं. समोरचा माणूस बोलू लागला की बाकी एकदम वाढते. यंत्राला वाटतं आपलंच चुकलं, आणि जुळलेला हिशेब ते स्वतःच्या हाताने बिघडवतं. दोघांच्या अशा एकदम बोलण्याला ‘डबल टॉक’ म्हणतात; ते ओळखणं हे मला वजाबाकीपेक्षा अवघड काम वाटतं.

आजच्या व्हिडिओ कॉलमध्येही प्रतिध्वनी आहेच: लॅपटॉपच्या स्पीकरचा आवाज खोलीभर घुमून माइकमध्ये शिरतो. सेकंदाला १६,००० नमुने धरले, तर पाव सेकंदाच्या घुमण्यासाठी ४,००० आकड्यांचा फिल्टर सांभाळावा लागतो. प्रत्येक नमुन्याला तेवढे गुणाकार, सुधारणेला जवळपास तेवढेच. म्हणजे सेकंदाला १२.८ कोटी. नमुन्यांचा गठ्ठा करून हिशेब केला की काम स्वस्त पडतं. पण ४,००० चा गठ्ठा जमेपर्यंत पाव सेकंद जातो, म्हणजे उपग्रह पुन्हा डोक्यावर! म्हणून गठ्ठा १६० नमुन्यांचाच, दहा मिलिसेकंदांचा, आणि फिल्टरचेही तसेच पंचवीस तुकडे.

कुकरच्या शिट्टीची प्रत मात्र कुणाकडे नसते. तिथे वजाबाकी खुंटते आणि आवाज वेगळे काढायला न्यूरल नेटवर्क लागतं. ज्याँ-मार्क व्हालँ यांच्या ‘आरएनएनॉइज’ने हे काम काटकसरीने केलं: आवाजाच्या २२ पट्ट्या पाडायच्या आणि कुठली किती दाबायची एवढंच ठरवायचं. रास्पबेरी पायसारख्या चिमुकल्या संगणकावरही ते चालतं.

परदेशातल्या शिष्यांना ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्यांना या हुशारीचा जाच होतो. अखंड वाजणारा तानपुरा तिला पंख्याची घरघर वाटते आणि ती तो पुसून टाकते. मग गुरुजी सेटिंगमध्ये जाऊन सगळी सफाई बंद करतात आणि शिष्याला सांगतात, “हेडफोन लाव.”